ॲल्युमिनियम स्वस्त करणारे चार्ल्स हॉल कोण होते? त्यांना हवा असलेला न जळणारा ॲनोड १४० वर्षांनंतरही का रखडला?

ग्रामीण महाराष्ट्रात ॲल्युमिनियमच्या भांड्यांना सर्रास ‘जर्मन’ची भांडी म्हणतात. हे नाव बहुधा ‘जर्मन सिल्व्हर’ या दुसऱ्याच मिश्रधातूवरून पडले असावे. जव्हार तालुक्यातील साखरशेतसारख्या गावात भाताचा टोप असो की मोखाड्याच्या पाड्यांपर्यंत वीज नेणारी तार, दोन्हीकडे हाच हलका, पांढरा धातू दिसतो. एके काळी मात्र तो चांदीच्या तोडीने विकला जात असे. तो स्वस्त होण्याचे श्रेय अमेरिकेतील चार्ल्स मार्टिन हॉल आणि फ्रान्समधील पॉल एरू या दोन तरुणांना जाते. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ॲल्युमिनियमच्या निष्कर्षणाची जी कृती आहे, ती मुळात या दोघांची. याच कृतीत कार्बनचे ॲनोड, म्हणजे धनाग्रे, जळतात आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्याऐवजी न जळणारा ॲनोड वापरण्यासाठी सध्या जगात मोठी धडपड सुरू आहे. या धडपडीची सुरुवातही हॉल यांच्यापासूनच होते. ती कशी, याविषयी...

हा धातू तेव्हा इतका महाग का होता?

पृथ्वीच्या कवचात सर्वाधिक आढळणारा धातू ॲल्युमिनियम आहे. परंतु तो ऑक्सिजनला इतका घट्ट धरून असतो, की लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीत टाकून त्याला सोडवता येत नाही. हान्स ख्रिश्चन ओर्स्टेड यांनी १८२५ मध्ये आणि फ्रीडरिश व्होलर यांनी १८२७ मध्ये तो प्रयोगशाळेत वेगळा केला. १८५४ मध्ये फ्रान्सच्या आंरी सांत-क्लेर देव्हिल यांनी सोडियमच्या साह्याने तो तयार करण्याची रीत बसवली. मात्र सोडियमच महाग असल्याने ॲल्युमिनियमही महागच राहिला. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसवलेला ॲल्युमिनियमचा छोटा पिरॅमिड त्या काळातील या धातूची प्रतिष्ठा सांगतो. त्याचे वजन सुमारे १०० औंस, म्हणजे पावणेतीन किलोच्या आसपास होते. तो ६ डिसेंबर १८८४ रोजी बसवण्यात आला. योगायोग असा, की त्याच दिवशी हॉल २१ वर्षांचे झाले.

हॉल यांची जडणघडण कशी झाली?

हॉल यांचा जन्म ६ डिसेंबर १८६३ रोजी ओहायो राज्यातील थॉम्प्सन येथे झाला. वडील हेमन हॉल धर्मोपदेशक होते. आई सोफ्रोनिया यांचेही शिक्षण ओबर्लिन महाविद्यालयात झाले होते. १८७३ मध्ये हे कुटुंब ओबर्लिनला स्थायिक झाले. घरात पैसा बेताचाच, पण पुस्तके भरपूर होती. वडिलांच्या संग्रहातील रसायनशास्त्राचे जुने पुस्तक वाचून चार्ल्स लहानपणीच घरात प्रयोग करू लागले. पियानोची आवड त्यांना आयुष्यभर राहिली.

१८८० मध्ये ते ओबर्लिन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे रसायनशास्त्र शिकवणारे प्रा. फ्रँक जुएट जर्मनीत राहून आले होते आणि व्होलर यांना भेटले होते. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमचा एक नमुनाही होता. हा धातू स्वस्तात तयार करणारा माणूस जगाचे भले करील आणि स्वतःही श्रीमंत होईल, अशा आशयाचे काहीतरी ते वर्गात सांगत. हॉल यांनी ते मनावर घेतले. जुएट यांनी त्यांना प्रयोगशाळेची जागा, रसायने आणि विद्युतघट वापरू दिले. १८८५ मध्ये पदवी मिळाल्यावर हॉल यांनी घरामागच्या लाकडे ठेवण्याच्या खोपटातच प्रयोगशाळा थाटली.

खोपटात नेमके काय घडले?

हॉल यांच्यापुढचा प्रश्न असा होता. ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, म्हणजे अल्युमिना, सुमारे २,०७० अंश सेल्सिअसला वितळते. त्या तापमानाला टिकणारी भट्टी आणि भांडी त्या काळी घरात असणे शक्यच नव्हते. पाण्यात विरघळलेल्या क्षारांतून वीज सोडली, तर ॲल्युमिनियमऐवजी हायड्रोजन मिळे. तेव्हा अल्युमिना विरघळेल, पण स्वतः वीजप्रवाहाने फुटणार नाही, असा वितळलेला द्रव हवा होता. मीठ जसे पाण्यात विरघळते, तशी अल्युमिना त्यात विरघळायला हवी होती.

त्यांनी वेगवेगळी फ्लोराइडे तपासली. काहींचा वितळणबिंदू फार वर होता, तर काहींत अल्युमिना विरघळतच नव्हती. ९ फेब्रुवारी १८८६ रोजी त्यांनी क्रायोलाइट, म्हणजे सोडियम आणि ॲल्युमिनियमचे दुहेरी फ्लोराइड वितळवून पाहिले. ते सुमारे १,००० अंशांना वितळते. दुसऱ्याच दिवशी त्यात अल्युमिना सहज विरघळल्याचे दिसले. मात्र पहिल्यांदा वीज सोडली तेव्हा चकचकीत धातूऐवजी करडा थर मिळाला. मातीच्या मुशीतील सिलिकॉन द्रवात उतरत असावे, हे हॉल यांनी ताडले आणि मुशीला आतून कार्बनचे अस्तर दिले. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी मुशीच्या तळाशी ॲल्युमिनियमच्या चंदेरी गोळ्या सापडल्या. हॉल तेव्हा २२ वर्षांचे होते. उष्णतेसाठी त्यांनी जुन्या पेट्रोल शेगडीत फेरफार केले होते. वीज घरी जुळवलेल्या घटांतून येत होती, कारण ओबर्लिनमध्ये तेव्हा वीजपुरवठाच नव्हता.

ज्युलिया हॉल यांची भूमिका काय?

चार्ल्स यांची थोरली बहीण ज्युलिया याही ओबर्लिनमध्ये रसायनशास्त्र शिकलेल्या होत्या. आईच्या निधनानंतर घराचा भार त्यांच्यावर आला. खोपटातील प्रयोग मात्र त्या जवळून पाहत होत्या, भावाशी चर्चा करत होत्या आणि महत्त्वाच्या टप्प्यांच्या साक्षीदारही होत्या. पुढे त्यांनी शोधाचा तारीखवार वृत्तांत लिहून ठेवला. १९७० च्या दशकात इतिहासकार मार्था ट्रेस्कॉट यांनी त्यांचे योगदान ठळकपणे मांडले. त्यांना सहसंशोधक म्हणावे की भक्कम साक्षीदार, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पण पेटंटच्या वादात त्यांची साक्ष आणि त्यांनी जपलेली कागदपत्रे निर्णायक ठरली, हे निर्विवाद आहे.

पेटंटचा वाद काय होता?

हॉल यांनी ९ जुलै १८८६ रोजी अमेरिकेत पेटंटचा अर्ज केला. तेव्हा फ्रान्समध्ये त्यांच्याच वयाच्या पॉल एरू यांनी २३ एप्रिलला तशाच कृतीचे पेटंट नोंदवल्याचे समजले. दोघांची भेट झालेली नव्हती आणि दोघांना एकमेकांच्या कामाची कल्पनाही नव्हती. अमेरिकी कायद्यानुसार ज्याने शोध आधी लावल्याचे सिद्ध होईल, त्याला पेटंट मिळत असे. हॉल यांनी २४ फेब्रुवारीला थोरल्या भावाला लिहिलेले पत्र आणि ज्युलिया यांची साक्ष यांमुळे २३ फेब्रुवारी ही तारीख ग्राह्य धरली गेली. २ एप्रिल १८८९ रोजी हॉल यांना पेटंटे मिळाली. युरोपात एरू यांचा हक्क राहिला आणि कृतीला ‘हॉल-एरू पद्धत’ हे जोडनाव मिळाले. दोघांचेही जन्मवर्ष १८६३ आणि मृत्यूचे वर्ष १९१४.

कारखाना कसा उभा राहिला?

शोध लागला तरी पैसे लावायला कुणी तयार नव्हते. लॉकपोर्ट येथील काउल्स कंपनीत हॉल यांनी सुमारे वर्षभर घालवले. कंपनीने रस घेतला नाही. अखेर पिट्सबर्गमधील धातुतज्ज्ञ अल्फ्रेड हंट यांनी मित्रांकडून २० हजार डॉलर जमवले आणि १८८८ मध्ये पिट्सबर्ग रिडक्शन कंपनी सुरू झाली. हॉल आणि २१ वर्षांचे आर्थर व्हायनिंग डेव्हिस हे दोघे आलटून-पालटून १२-१२ तास भट्टीवर असत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये थँक्सगिव्हिंगच्या दिवशी कारखान्यात पहिला धातू ओतला गेला.

भांडे मोठे आणि प्रवाह जोरदार असेल, तर बाहेरून जाळ लावावा लागत नाही. विजेच्या उष्णतेनेच द्रव वितळलेला राहतो, हे येथे स्पष्ट झाले. दर झपाट्याने घसरले. १८८८ मध्ये पौंडाला ४.८६ डॉलर असलेला भाव १८९३ मध्ये ७८ सेंटवर आला. त्याच वर्षी काउल्स कंपनीशी चाललेल्या खटल्यात न्यायाधीश विल्यम टॅफ्ट यांनी हॉल यांच्या बाजूने निकाल दिला. हेच टॅफ्ट पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले. मात्र १९०३ मध्ये दुसऱ्या एका पेटंटवर काउल्सची सरशी झाली आणि हॉल यांच्या कंपनीला मोठी रक्कम मोजून तडजोड करावी लागली. दरम्यान १८९५ मध्ये नायगारा धबधब्याजवळ नवा कारखाना सुरू झाला होता, कारण तेथे जलविद्युत स्वस्त होती. १९०७ मध्ये कंपनीचे नाव ॲल्युमिनम कंपनी ऑफ अमेरिका झाले. आज ती अल्कोआ म्हणून ओळखली जाते.

हॉल यांनी न जळणारा ॲनोड करून पाहिला होता का?

होय. १८८९ च्या पेटंटात हॉल यांनी कार्बनबरोबर तांब्याच्या ॲनोडचाही विचार मांडला आहे. कल्पना सोपी होती. वीज सोडली की अल्युमिना फुटते. ॲल्युमिनियम खाली कॅथोडपाशी, तर ऑक्सिजन वर ॲनोडपाशी जातो. ॲनोड कार्बनचा असेल, तर ऑक्सिजन त्यालाच जाळतो. तांब्याचा असेल, तर त्यावर तांब्याच्या ऑक्साइडचा थर बसतो, हा थर वीज वाहू देतो आणि ऑक्सिजन मोकळा निघून जातो. आज ज्याला ‘निष्क्रिय ॲनोड’ म्हणतात, त्याची ही पहिली पायरी होती.

प्रत्यक्षात तो टिकला नाही. वितळलेले क्रायोलाइट अल्युमिना विरघळवते, तसेच इतर धातूंची ऑक्साइडेही विरघळवते. हॉल यांना हवा असलेला गुणच येथे आडवा आला. थर झिजतो आणि झिजलेले तांबे तयार ॲल्युमिनियममध्ये मिसळून त्याला अशुद्ध करते. शिवाय तांबे १,०८५ अंशांना वितळते आणि भट्टी त्याच्या जवळपास तापलेली असते. कार्बन जळत असला, तरी तो वायू होऊन निघून जातो आणि धातू स्वच्छ राहतो. कारखान्यात म्हणूनच कार्बन जिंकला.

कार्बन जळण्याचा फायदा काय, तोटा काय?

फायदा विजेचा आहे. कार्बन जळताना काही ऊर्जा स्वतःच पुरवतो. त्यामुळे अल्युमिना फोडायला सैद्धांतिकदृष्ट्या सुमारे १.२ व्होल्ट पुरतात. निष्क्रिय ॲनोडला सुमारे २.२ व्होल्ट लागतात. हा एक व्होल्टचा फरक किरकोळ वाटेल. पण एक किलो ॲल्युमिनियमला जवळपास ३,००० अँपिअर-तास लागतात. म्हणजे एका व्होल्टमागे किलोला सुमारे ३ युनिट वीज जास्त. चांगल्या कारखान्यात एकूण वीज किलोला १३ ते १४ युनिट लागते, हे पाहता ही वाढ मोठी आहे.

तोटा प्रदूषणाचा आहे. रासायनिक समीकरणानुसार एक टन ॲल्युमिनियममागे ३३३ किलो कार्बन जळायला हवा. प्रत्यक्षात ४०० किलोंहून अधिक जळतो आणि सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो. भट्टीत अल्युमिना कमी पडली, तर कार्बन आणि फ्लोरिन यांचे वायू तयार होतात. ते हवेत हजारो वर्षे टिकतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक हजार पट उष्णता अडवतात. ॲनोड झिजत असल्याने तीन-चार आठवड्यांनी बदलावे लागतात. ते भाजण्यासाठी वेगळी भट्टी चालवावी लागते. निष्क्रिय ॲनोड बसला, तर या सगळ्याऐवजी टनामागे सुमारे ९०० किलो ऑक्सिजन मिळेल.

द्रवाचे तापमान कमी करून काय साधते?

तांबे, निकेल आणि लोह यांचे मिश्रधातू किंवा निकेल फेराइटसारखी धातुमिश्रित सिरॅमिके ॲनोडसाठी तपासली जातात. सुमारे ९६० अंशांच्या द्रवात तीही झिजतात. तापमान ७०० ते ८०० अंशांवर आणले, तर झीज बरीच कमी होते. ॲल्युमिनियम स्वतः ६६० अंशांना वितळत असल्याने एवढी मोकळीक आहे. त्यासाठी पोटॅशियम फ्लोराइड आणि ॲल्युमिनियम फ्लोराइडचे प्रमाण वाढवलेले द्रव वापरले जातात. इष्ट द्रवाच्या शोधात फ्लोराइडांची मिश्रणे जुळवून पाहण्याचे हॉल यांचे खोपटातील कामच हे संशोधक पुढे नेत आहेत.

पण थंड द्रवात अल्युमिना कमी आणि सावकाश विरघळते. ती तळाशी गाळ होऊन बसली की वीजप्रवाह बिघडतो. पोटॅशियम भट्टीच्या कार्बन अस्तरात शिरून ते फुगवते आणि फोडते. कॅथोडवर द्रव गोठून साय धरण्याचाही धोका असतो. म्हणजे ॲनोड बदलायचा तर द्रव बदलावा लागतो आणि द्रव बदलला की अस्तर व भट्टीचा आराखडाही बदलावा लागतो. शंभर वर्षांहून अधिक काळ उत्तर रखडण्याचे कारण हेच आहे.

हॉल यांचा महाराष्ट्राशी काही संबंध?

थेट नाही, पण कंपन्यांच्या वंशावळीतून आहे. हॉल यांच्या कंपनीने १९२८ मध्ये परदेशातील बराचसा व्यवसाय कॅनडातील नव्या कंपनीकडे सोपवला. तीच पुढे अल्कॅन झाली. भारतातील इंडियन ॲल्युमिनियम, म्हणजे इंडाल, या अल्कॅनच्या छत्राखाली १९३८ मध्ये उभी राहिली. इंडालने बेळगावात अल्युमिना आणि धातू तयार करण्याचा कारखाना काढला. त्यासाठीचे बॉक्साइट कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी तालुक्यातील दुर्गमानवाडीसारख्या खाणींतून येत असे. इंडाल आता हिंदाल्कोत विलीन झाली आहे. बेळगावात अल्युमिना अजूनही तयार होते, पण हॉल-एरू पद्धतीचे पॉट बंद झाले. रत्नागिरीतही बाल्कोचा ॲल्युमिनियम प्रकल्प आखला गेला, जमीनही संपादित झाली. प्रकल्प मात्र झाला नाही. कोल्हापूर, रत्नागिरी, रायगड या जिल्ह्यांत बॉक्साइट असूनही राज्यात आज धातू गाळणारा मोठा कारखाना नाही. कारण या उद्योगाची जागा खनिजापेक्षा वीज ठरवते. हॉल नायगाराकडे वळले, तेही याचसाठी. संशोधनाच्या बाबतीत मात्र नागपूरचे स्थान महत्त्वाचे आहे. १९८९ मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन, विकास आणि आरेखन केंद्र तेथेच आहे.

भारतात निष्क्रिय ॲनोड लगेच फायद्याचा ठरेल का?

येथे हिशेब काळजीपूर्वक मांडावा लागतो. भारतातील ॲल्युमिनियम प्रामुख्याने कोळशाच्या विजेवर तयार होते. कोळशाच्या एका युनिटमागे ढोबळमानाने एक किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर एक किलो ॲल्युमिनियमच्या विजेमागे १३-१४ किलो आणि ॲनोडमागे फक्त दीड किलो उत्सर्जन होते. निष्क्रिय ॲनोडने हा दीड किलो वाचेल, पण जादा ३ युनिट कोळशावर बनले तर तेवढ्यानेच ३ किलो वाढतील. ॲनोड आणि कॅथोड उभे व अगदी जवळ बसवून हा जादा खर्च भरून काढण्याचे प्रयत्न सुरू आहेत. ते यशस्वी होईपर्यंत या ॲनोडचा खरा लाभ जलविद्युत, सौर किंवा पवन विजेवर चालणाऱ्या कारखान्यांनाच होईल. तोवर हाताशी असलेला उपाय म्हणजे मोडीत निघालेली भांडी आणि तारा पुन्हा वितळवणे. त्याला नव्या धातूच्या सुमारे ५ टक्केच ऊर्जा लागते.

हॉल यांची अखेर कशी झाली?

१९११ मध्ये हॉल यांना रसायन उद्योगातील मानाचे पर्किन पदक मिळाले. त्या समारंभाला एरू फ्रान्सहून आवर्जून आले. पेटंटसाठी भांडलेले दोघे तोवर स्नेही झाले होते. हॉल यांनी लग्न केले नाही. ल्युकेमियाने त्यांचे २७ डिसेंबर १९१४ रोजी फ्लोरिडातील डेटोना येथे निधन झाले. तेव्हा ते ५१ वर्षांचे होते. संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी शिक्षणाला दिला. एक तृतीयांश ओबर्लिन महाविद्यालयाला, तर एक तृतीयांश आशिया आणि बाल्कन प्रदेशातील शिक्षणसंस्थांसाठी. १९२८ मध्ये स्थापन झालेली हार्वर्ड-येनचिंग इन्स्टिट्यूट याच पैशांतून उभी राहिली. आईच्या स्मरणार्थ ओबर्लिनमध्ये सभागृह बांधावे, ही त्यांची इच्छा वादविवादांमुळे लांबली आणि ते १९५३ मध्ये पूर्ण झाले. खोपटात मिळालेल्या पहिल्या गोळ्या कंपनीने जपून ठेवल्या आहेत.

पुढे काय?

२०१८ मध्ये अल्कोआ आणि रिओ टिंटो यांनी कॅनडात ‘एलिसिस’ हा संयुक्त प्रकल्प जाहीर केला. कॅनडा आणि क्युबेकची सरकारे तसेच ॲपल कंपनी त्यात सहभागी आहेत. रशियाची रुसाल क्रास्नोयार्स्क येथे स्वतंत्रपणे निष्क्रिय ॲनोड तपासत आहे. जून २०२४ मध्ये रिओ टिंटोने क्युबेकमधील अर्व्हिडा येथे एक लाख अँपिअरचे दहा पॉट बसवण्याची घोषणा केली. वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार टन धातू त्यातून अपेक्षित आहे. जगाचे वार्षिक उत्पादन सुमारे सात कोटी टन असल्याने हे अद्याप प्रात्यक्षिकच म्हणावे लागेल. मात्र अर्व्हिडातील वीज जलविद्युत प्रकल्पांची आहे, म्हणजे हिशेबातील पहिली अट तेथे पूर्ण होते. अर्व्हिडा हे नाव आर्थर व्हायनिंग डेव्हिस यांच्या नावातील अक्षरे जुळवून ठेवलेले आहे. १८८८ मध्ये हॉल यांच्यासोबत पाळ्या करणारे डेव्हिस ते हेच.